ताडपत्रीखाली

नाही हो जयवंतभाऊ, आज नाही लागायचा हिला रंग — उद्या नारळी पौर्णिमा आहे, पूजा आहे, नारळही आणून ठेवलात हिच्यावर, माणसं बोलावलीत, सगळं कळतं मला — पण बसा तरी जरा. पाणी देऊ? बरं, राहू दे. मग इथे वाका, होडीच्या तळाला हात लावा. लागतात ना फोड? भाजल्यावर आपल्या हाताला येतात ना, तसेच. हा एक फोडते बघा — मागे व्हा, डोळ्यात उडतं — आला वास? व्हिनेगरसारखा. फायबरच्या थरांत पाणी मुरलं की असाच येतो.

कुठून मुरलं? तुम्ही पावसाळ्यात हिला ताडपत्रीत गच्च बांधून ठेवलीत ना — जपायलाच बांधलीत, मी काय बोल लावत नाही — पण आत पावसाचं पाणी साचलं होतं ते तसंच राहिलं. ऊन पडलं की आतल्या आत वाफ. समुद्राच्या पाण्याचं एवढं नाही, हे गोडं पाणीच जास्त मुरतं. आता वरून रंग मारला की ओल कायमची आत. आणि ही मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगता — हिच्या पोटात प्लाय असतो. ठोकते, ऐका. इकडे टणटण. आणि इथे? भद्द. कुजलाय आतून. वरून कशी चकचकीत, नाही? पण इंजिनाने जोर धरला, एखादी लाट बसली, की फळीसकट इंजिन खाली — आणि मागे भगदाड.

घाबरवत नाही हो. ही शेडमध्ये उभी आहे, हिला काय होतंय. दिव्याखाली वाळवू, होईल नीट. हे आले की तेच सांगतील — येतीलच आता, तुमच्याच मोठ्या होडीचं इंजिन बघायला मनोरीला गेलेत ना, तिच्यातूनच एक फेरी मारून येतो म्हणाले. ती बरी आहे ना, मोठी? तुमच्या माणसांनी किनाऱ्यावरच रंगवली म्हणे —

काल तिला बघून आले ना, तर जेवताना यांच्या हातांना असाच वास. मी आपली चेष्टा केली, चायनीजच्या गाडीवर जाऊन आलात वाटतं, मला सोडून — तर नुसते हसले. म्हणाले, जयवंताची पूजा होऊ दे, मग सांगू त्याला. तोवर मीच चालवून बघतो. काय सांगायचंय ते मी विचारलंच नाही. भाजी वाढत होते —

जयवंतभाऊ, मोठीही ताडपत्रीतच होती?

मान हलवताय म्हणजे होती.

अशीच? गच्च?

लावा फोन. किनाऱ्यावर कोण आहे त्याला लावा, यांचा मघापासून लागत नाहीये — खाडीत रेंज नसते, मी तेच धरून बसलेय — लावा ना. नाही उचलत? मग इथे काय उभे राहिलात, जा, पळा. आणि तो पूजेचा नारळ उचला हिच्यावरचा. उचला आधी.