बॅटरी उतरलेले सीतारामराव

...आणि वर म्हणतात काय, तर ‘दोन मिनिटांचं काम!’ अहो, कुणाची दोन मिनिटं? कॉम्प्युटर घेतला म्हणजे काय मी दुकानात भूत बांधून ठेवलंय? तुम्हाला सांगतो, इथं तंजावूरात राजवाड्यामागच्या गल्लीत पंधरा वर्षं माझं कॅसेट रेकॉर्डिंगचं दुकान, कधी कुणाची तक्रार नाही. अठ्ठ्याण्णव साली मद्रासहून हे यंत्र आणलं, त्यात आवाज चढवायचं-उतरवायचं सॉफ्टवेअर घातलं, आणि झालं! एकाला नागस्वरम् अर्धा सूर खाली हवं, दुसऱ्याला बायकोच्या भजनातून शेजाऱ्याचा कुत्रा काढून हवा... दोन मिनिटांचं काम!

तर अशात एक दिवस शेषम्माक्का आल्या. आमच्याच गल्लीतल्या. यजमान सीतारामराव पापनाशमच्या तालुका कचेरीतनं रिटायर झालेले, वर्षाखाली वारले. माझी त्यांची ओळख स्कूटरवरून नमस्कार करण्यापुरती. अक्कांनी पदराच्या गाठीतून एक कॅसेट काढली.

“अप्पाजी, हे बघ की रे. त्र्याण्णव साली ह्यांनी मुलाला, सुरेंद्रला, मस्कतला पाठवलेली. पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून बोलूनच पाठवलं. सुरेंद्रनं आता परत पाठवली आहे. ह्यांचा आवाज म्हणून घरात एवढंच. पण लावली की उंदीर बोलतो रे!”

लावली. सुरुवातीला ‘चिरंजीव सुरेंद्रास अनेक आशीर्वाद’ माणसाच्या आवाजात, ड्रेनेज तुंबल्याची बातमी येईपर्यंत आवाज शाळकरी पोराचा, आणि शेवटी शेवटी तर... चिकचिकचिक! एक अक्षर कळेल तर शपथ. मी ओळखलं. रेकॉर्ड करताना टेपची बॅटरी उतरत गेली, टेप हळू हळू फिरत गेली. आता नीट वेगानं लावली की आवाज पळतो आणि चढतो.

“वर्षश्राद्धाला अजून आठ दिवस आहेत,” अक्का म्हणाल्या. “अस्के, घरचे-दारचे सगळे येतील, ऐकतील. दोन मिंटाचं काम ना?”

होय म्हणालो! ही जीभ!

पहिल्यांदा काय केलं, सगळाच आवाज एकदम खाली उतरवला. तर सुरुवातीचे सीतारामराव झाले घटोत्कच, शेवटचा उंदीर उंदीरच, आणि मधले सगळे पितळी हंड्यात तोंड घालून बोलताहेत! मग म्हटलं, तुकडे करू. बेचाळीस तुकडे केले, प्रत्येक तुकडा थोडा थोडा जास्त उतरवला, परत जोडले. तर प्रत्येक जोडावर ‘टक्’! चिरंजीव टक्. सुरेंद्रास टक्. आता हा टक् काढायचा म्हणजे काय, तर पडद्यावर आवाजाची रेघ एवढी मोठी करायची, तिच्यात डोळे घालून बसायचं आणि उवा काढतात तसे एकेक टक् वेचायचे. साठ काढले, अकरा वाजता करंट गेला, सगळे साठ परत आले! पुन्हा बसलो. आणि गंमत ऐका, जोड बेचाळीस तुकड्यांचे, पण मी टक् काढले एकशे सदतीस! हे जास्तीचे आले कुठून? म्हटलं, सॉफ्टवेअरनं पिल्लं घातली असतील. चार दिवस! घरी सांबारात बोट घातलं तरी टक् ऐकू येई. बायको म्हणाली, “कानाच्या डॉक्टरकडे जाता का?”

पण झालं साहेब! आवाज कसा... तुपासारखा! अक्कांना बोलावलं, कानावर हेडफोन चढवला. ऐकलं. दोन वाक्यांतच दोन्ही हातांनी उतरवून टेबलावर ठेवला.

“हे आमचे नव्हेत.”

“नव्हेत म्हणजे? दुसरे कोण असणार, अक्का?”

“कोण तरी रेडिओवरचा मनुष्य आहे. ह्यांचे दात कुठं गेले?”

“दात?”

“कवळी होती रे ह्यांची! ढिली! दोन शब्द बोलले की टक्. सबंध गल्ली झोपली तरी मला त्या टकनं कळे, हे घरात आहेत. तू काय केलंस त्याचं?”

काय सांगू तुम्हाला! चार दिवस डोळे फोडून मी त्या माणसाचे दात उपटत होतो! एकेक करून! अक्का रडल्या बिडल्या नाहीत हो, नुसत्या दाराकडे बघत बसल्या. “नाही होणार तर नाही,” म्हणाल्या. “दे ती कॅसेट.” म्हणाल्या असत्या ना चार शब्द रागावून, तर मी देऊन टाकली असती. ते ‘नाही होणार तर नाही’ ऐकलं आणि कॅसेट हातातून सुटेना माझ्या.

मग बसलो पुन्हा आणि कपाळावर हात मारला. अरे, आवाज उतरवायचाच कशाला? बॅटरी जशी उतरत गेली, तसतसा वेग कमी करत न्यायचा! तुकडे नाहीत, जोड नाहीत, सॉफ्टवेअरचे टक् नाहीत. उरतील ते दात! एका दुपारचं काम, आणि मी चार दिवस...!

अक्का आल्या. टक् वेचताना शब्द कोण ऐकतो? ह्या वेळी मीही ऐकावं म्हणून स्पीकरवर लावलं. ‘चिरंजीव’ टक् ‘सुरेंद्रास’... अक्कांनी पदर तोंडावर धरला. “हेच,” म्हणाल्या. एवढंच. ड्रेनेज झालं, ओल्या डोक्यानं झोपू नकोस झालं, आणि आला तो उंदराचा भाग... आता स्वच्छ!

“शेषम्मा आत गेली वाटतं. सुरेंद्रा, हॉटेलात जेवावं लागतं म्हणून रडू नकोस. मी तीस वर्षं घरी जेवतो आहे. सांबारात चिंच एवढी की डोळा मिटतो. विचारलं की ‘फष्ट क्लास’ म्हणतो. तूही लग्न झाल्यावर तसंच म्हण.” टक्.

अक्कांनी तोंडावरचा पदर काढला.

“तीस वर्षं,” अक्का म्हणाल्या. मग म्हणाल्या, “श्राद्धाला आमची जाऊ कमलाक्षी येणार. तेवढ्या भागाची बॅटरी परत उतरव.”

“अक्का! एवढं खपून नीट केलेलं परत बिघडवू?”

“दोन मिंटाचं काम! आणि मला एक वेगळी दे, सरळ. मला ह्यांच्याशी बोलायचं आहे.”

बिघडवलं. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी गोडाच्या जेवणाला सगळे जमले, कॅसेट लागली, सुरेंद्र ढसाढसा रडला, कमलाक्षीबाईंनीही डोळे पुसले. शेवटी चिकचिकचिक! सुरेंद्र नाक पुसत म्हणतो, “अप्पाजी, एवढं छान केलंत, शेवटी का सोडून दिलंत?” सगळं घर माझ्याकडे बघतंय. मी अक्कांकडे बघतोय. अक्का छताकडे. काय म्हणालो मी? “मशीन जुनं आहे हो.” मी! माझ्या मशीनला! गल्लीतल्या वीस गिऱ्हाइकांसमोर!

मग पानं वाढली. अक्का स्वतः सांबाराचा डाव घेऊन माझ्यापुढे उभ्या. एक घास घेतला आणि तुम्हाला सांगतो, उजवा डोळा आपोआप मिटला.

“कसं झालंय रे?”

आता त्यांना ठाऊक, की मला ठाऊक. तरी माणूस बोलणार काय? “फष्ट क्लास, अक्का.”

“खोटारडे मेले सगळे,” म्हणाल्या, आणि आणखी एक डाव ओतला.