न झालेल्या धावा

नमस्कार मंडळी.

तुम्ही सगळे आलात. कॉव्हेंट्रीतले आलात, लेस्टरहून आलात, बर्मिंगहॅमहून आलात. आणि माई, तुम्ही तिकडे जळगावला स्क्रीनसमोर बसला आहात. माझा आवाज येतोय ना? हात हलवला तरी चालेल. हो. दिसलं.

रोहिणीवहिनी मला म्हणाल्या, "केतकी, तू खेळाबद्दल बोल. बाकीचं बाकीचे बोलतील." मी हो म्हटलं, आणि कालपासून मला पहिलं वाक्यच सापडत नाहीये. मैदानावर मी दिवसभर ओरडू शकते. इथे मात्र कागद हातात धरून उभी आहे. सांभाळून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी, मी केतकी. जन्म इथलाच, कॉव्हेंट्रीचा. इथे आमची एक बेसबॉलची टीम आहे, मी तिची मॅनेजर. कोण खेळणार आणि कोण बसणार, हे ठरवणारी. माझं मराठी थोडं वाकडं आहे, आणि ते सरळ करणारा माणूसच गेला. मी "तो मॅच" म्हटलं की सुधीरदादा मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचा, "ती मॅच!" आज चुकले तर तुम्ही ओरडा.

माई, तुमच्या लेकाने, सुधीरने, तुम्हाला इथल्या खेळाबद्दल काय सांगितलं असेल, मला माहीत नाही. बहुतेक काहीच नाही. तो स्वतःबद्दल कमीच बोलायचा. म्हणून मी सांगते.

तो इथे नोकरीला आला त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात, आम्ही कॉमनवर, म्हणजे इथल्या मोकळ्या सार्वजनिक मैदानावर, प्रॅक्टिस करत होतो. एक माणूस हातात सेन्सबरीची, म्हणजे सुपरमार्केटची पिशवी घेऊन कडेला उभा. बराच वेळ उभा. पिशवीतून दूध दिसत होतं. एक बॉल त्याच्या दिशेने उसळत गेला. त्याने पिशवी खाली ठेवली, गुडघे वाकवले, उघड्या हातांनी बॉल उचलला आणि सरळ पहिल्या बेसवर फेकला. एकाच हालचालीत. आमचे सगळे बघत राहिले.

मी धावत गेले. विचारलं, "व्हेअर डिड यू प्ले?"

तो म्हणाला, "जळगाव."

मी मराठीत ओरडलेच, "अय्या!"

कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायचा. महाराष्ट्रात हा खेळ किती शाळा-कॉलेजांत खेळतात, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. तो म्हणायचा, "आमच्या ग्राउंडवर खडे इतके की बॉल कुठे उडेल ते बॉललाही माहीत नसायचं. इथे काय, गालिचा आहे."

त्या दिवसापासून तो आमचा शॉर्टस्टॉप. म्हणजे काय, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभं राहायचं. सगळ्यात जोरात येणारे, सगळ्यात वाईट उसळणारे बॉल तिथेच येतात. ते अडवायचे आणि क्षणात फेकायचे. दादासारखं हे काम करणारा मी इथे दुसरा पाहिला नाही. हे मी तो गेला म्हणून बोलत नाहीये. तो असतानाही बोलायचे, आणि तो लाजायचा.

आणि बॅटिंग?

वहिनी, खरं बोलू ना? बोलते.

बॅटिंग भयंकर होती. दादाच्या हातात बॅट म्हणजे छत्री. तीन बॉल, तीनदा हवेत छत्री, आऊट, आणि शांतपणे परत. येऊन बसायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "आज वारा बरा होता." ओवेन, तू हसतोयस. काय बोलले ते तुला बरोबर कळलंय.

ओवेन आमचा पिचर, बॉल टाकणारा. आणि त्याच्या शेजारी बसलाय तो ग्रॅहम, माझ्या आधी पुष्कळ वर्षं टीम त्याने चालवली. डोन्ट वरी, ग्रॅहम, तुझ्याबद्दल चांगलंच बोलणार आहे.

एका वर्षी आमच्याकडे बेन आला. शाळेत गणित शिकवतो, खांदे दारासारखे. तोही शॉर्टस्टॉप. अडवायला बेताचा, पण मारायला लागला की बॉल झाडांत शोधायला जावं लागायचं. जागा एक आणि माणसं दोन. आणि सीझनची शेवटची मॅच. जिंकलो तर वरच्या डिव्हिजनमध्ये, हरलो तर आहे तिथे.

आदल्या आठवड्यात आम्ही पबमध्ये बसलो. ग्रॅहम म्हणाला, "सुधीर माझा मित्र आहे. पण मित्र म्हणून टीम निवडायची नसते. त्याच्याकडून आपल्याला रन मिळत नाहीत."

मी म्हटलं, "तो रन वाचवतो."

"वाचवलेली रन कुठे दिसते?"

खरंच कुठे दिसते? मारलेला बॉल सगळ्यांना दिसतो. टाळ्या पडतात. जी धाव झालीच नाही, तिला कोण टाळ्या वाजवणार?

तेव्हा ओवेन बोलला. तो सहसा बोलत नाही. म्हणाला, "सुधीर मागे असला की मी बॉल खाली टाकतो. त्यांनी मारला तर मारू दे, जमिनीवरून जाईल, तो उचलेल. तो नसला की मला प्रत्येकाला मारूच द्यायचं नाही, असं टाकावं लागतं. मग माझा हात अर्ध्या मॅचमध्ये संपतो."

ग्रॅहमने ऐकून घेतलं. पण त्याचं मत बदललं नव्हतं, हे मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दादाच माझ्याकडे आला. त्याला कोणी सांगितलं, देव जाणे. म्हणाला, "केतकी, बेनला खेळव. मी नाराज होणार नाही."

मी म्हटलं, "दादा, खोटं बोलतोयस."

म्हणाला, "हो. थोडा होईन. पण तू खेळव."

असा माणूस समोर असला की त्याला कसं बसवायचं, सांगा? पण ग्रॅहमचंही खरं होतं, नुसतं गोड वाटतं म्हणून टीम निवडता येत नाही. मी दोन दिवस विचार केला, आणि ओवेनच्या बोलण्यावर ठरवलं. दादाला खेळवलं. बॅटिंगला सगळ्यात शेवटी.

ती मॅच. हो, "ती" मॅच.

शेवटच्या डावापर्यंत बरोबरी. त्यांचे दोघं आऊट झालेले, आणखी दोन खेळाडू बेसवर, घरी येऊन धाव घ्यायला टपलेले. त्यांच्या माणसाने सणसणीत मारला, जमिनीलगत, दादाच्या बराच उजवीकडे. मी डोळे मिटले होते. खरंच मिटले होते. उघडले तेव्हा दादा आडवा होता, बॉल ग्लव्हमध्ये होता, आणि तो उठलासुद्धा नाही. गुडघ्यांवरून फेकला. पहिल्या बेसवर तिसरा आऊट, डाव संपला. त्यांच्या दोन धावा, ज्या झाल्याच होत्या, त्या झाल्या नाहीत.

आता आमची बॅटिंग. तिन्ही बेसवर आमची माणसं. एक साधा फटका लागला की जिंकलो. दोघं आऊट झालेले, आणि पुढचा नंबर कोणाचा?

तुम्हाला कळलंच.

बेन बाकावर बसला होता. नियम असा, की एकदा खेळाडू बाहेर काढला की तो परत येत नाही. दादाच्या जागी बेनला पाठवलं असतं, तर फटका बसण्याची शक्यता खूप. पण नाही बसला आणि खेळ पुढे चालू राहिला, तर मागे दादा नाही. ग्रॅहम माझ्याकडे बघत होता. सगळेच बघत होते. दादासुद्धा बघत होता. त्याने हेल्मेट अर्धं काढलं होतं.

मी म्हटलं, "दादा, जा."

तो गेला. पहिला बॉल, छत्री. दुसरा बॉल, छत्री. तिसऱ्याला मात्र लागला! आवाज आला. आम्ही सगळे उभे. पण बॉल मागे, रेषेबाहेर, म्हणजे धरायचाच नाही. आणि पुढचा? छत्री.

बरोबरी सुटली नाही, खेळ पुढे गेला. पुढच्या डावात त्यांच्या एकाने बॉल कुंपणापलीकडे मारला. तो तर कोणालाच अडवता आला नसता. आम्ही हरलो.

घरी जाताना दादा माझ्या गाडीत होता. रिंग रोडवर आल्यावर म्हणाला, "तू बेनला का नाही पाठवलंस?"

मी म्हटलं, "मला तू मागे हवा होतास."

त्याने खिडकीबाहेर तोंड केलं.

मला पुष्कळांनी विचारलंय, चुकलं का तुझं? मंडळी, मला नाही वाटत. आजही तिथेच उभी केलीत तर आजही मी "दादा, जा" म्हणेन. ग्रॅहम आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. आणि मग पुढच्या वसंतात पहिल्या मॅचची टीम आम्ही ठरवत होतो, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत ग्रॅहम म्हणाला, "शॉर्टस्टॉपला सुधीर." मी वळून बघितलं. तो म्हणाला, "सगळा हिवाळा मला तो गुडघ्यांवरून फेकलेला बॉल दिसतोय. मी काय करू?"

आणि बेन? बेन टीम सोडून जाईल असं आम्हाला वाटलं होतं. नाही गेला. एकदा प्रॅक्टिसनंतर दादाकडे जाऊन म्हणाला, "मला शिकव." मग उन्हाळाभर संध्याकाळी दोघं कॉमनवर. दादा जमिनीवरून बॉल टाकतोय, बेन वाकून उचलतोय. आपलीच जागा घेणाऱ्या माणसाला दादा ती जागा शिकवत होता. मी विचारलं, "वाईट नाही वाटत?" म्हणाला, "अगं, जागा कोणाची असते का? कोणीतरी नीट उभं राहिलं म्हणजे झालं."

खेळाबद्दल बोल म्हणालात, वहिनी, पण एक दुसरं सांगू? तुम्हीच मला सांगितलेलं आहे.

वहिनींच्या आई शेवटची वर्षं यांच्याकडे होत्या. त्यांना विसर पडायचा. मधेच दार उघडून निघायच्या, नागपूरच्या घरी जायला. दादा घरून काम करायचा तेव्हा. त्याने आपलं टेबल खोलीतून काढलं आणि पॅसेजमध्ये आणलं, दाराशेजारी. थंडीत दाराखालून वारा यायचा, म्हणून पायांवर शाल. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मागे कोट लटकलेले दिसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचा, "इथे सिग्नल चांगला आहे."

आजी निघाल्या की तो दार लावून घ्यायचा नाही. कोट चढवायचा आणि बरोबर निघायचा. कोपऱ्यापर्यंत, कधी पार्कपर्यंत. "आई, नागपूरची गाडी आज लेट आहे, चहा घेऊन येऊ या का?" आणि आजी परत यायच्या. ईरा, तू तेव्हा लहान होतीस. तुला वाटायचं, बाबा आणि आजी रोज फिरायला जातात.

दादा म्हणायचा, मी आयुष्यात मोठं असं काही केलं नाही. ईरा, बाळा, नीट ऐक. तुझ्या घरात ज्या वाईट गोष्टी घडल्याच नाहीत, त्यातल्या कितीतरी तुझ्या बाबामुळे घडल्या नाहीत. त्या तुला कधीच दिसणार नाहीत. पण त्या आहेत.

मागच्या महिन्यात मी त्याला हॉस्पिटलमध्ये भेटायला गेले. खूप बारीक झाला होता. हात मात्र तेच, मोठे. बेन त्याच्या जागेवर खेळतोय हे त्याला माहीत होतं. विचारलं, "कसा खेळतो?"

"चांगला. पण गुडघे वाकवत नाही."

"सांग त्याला. उंच माणसांना आळस असतो."

मग डोळे मिटले. मला वाटलं झोपला. तेवढ्यात म्हणाला, "केतकी, खरं सांग. मी कधी एखादा झकास मारला का गं? एखादा तरी?"

मी काय सांगणार होते? आजारी माणूस, मोठ्या भावासारखा. हो म्हणणं सोपं होतं. पण मला त्याच्याशी खोटं बोलता येत नाही.

मी म्हटलं, "नाही, दादा. एकही नाही."

आणि तो हसला. इतका हसला की खोकला आला, नर्स धावत आली. डोळ्यांतून पाणी. नर्स मला रागवतेय, आणि हा हातानेच तिला सांगतोय, राहू दे, राहू दे. दम आला तेव्हा म्हणाला, "बरं वाटलं. सगळे माझ्याशी फार गोड बोलायला लागलेत."

दादा, म्हणून आज मी गोड बोलले नाही. जसा होतास तसा सांगितला.

मंडळी, आता जमेल त्यांनी उभं राहा. माई, तुम्ही बसूनच राहा, आमचा नमस्कार तिथेच पोचेल. ओवेन, ग्रॅहम, बेन, स्टँड अप, प्लीज. ईरा, ये, माझ्याजवळ उभी राहा.

थोडा वेळ कोणी काही बोलू नका. सुधीरदादासाठी.