होडीत जागा होती

रोह्याच्या स्टँडवर धाटावच्या गाडीची वाट बघत होते. शेजारी सासू-सून कालच्या सिरियलवर बोलत होत्या. मी कान तिकडंच लावला.

“माधवनं केतकीला होडीत बसवलं नि स्वतः बुडाला. काय प्रेम, आई! मी तर रडलेच.”

“होडीत जागा होती गो, नंदा. माझ्या बापाच्या होडीतून म्हैस यायची, तीसुद्धा झोपून.”

“म्हैस झोपून? काहीतरीच!”

“घोरायची पण. त्या माधवनं केतकीला इचारलं का, तू एकटी जाशील काय?”

“प्रेमात कोण इचारतो?”

“तो मेला, सुटला. आता ती रोज फोटोला हार घालते, नि लोक म्हणतात, हिच्यापायी गेला.”

“तिचा काय दोष?”

“माझा तरी काय? कंपनीतल्या नोकरीला ‘नाय’ सांगायला चाललीस ना, माझ्यापायी? म्हणून तर मागोमाग आले.”

“दुपारची शिफ्ट हाय, आई. मी रात्री येईस्तोवर तुम्ही एकट्या. मागं न्हाणीत पडलात, तेव्हा मी होते म्हणून.”

“शेजारची रेबेका येऊन बसणार हाय. मी तिला इचारलं. तू मला इचारलंस?”

“नाय.”

“मग मला नको त्या होडीत बसवू.”

“नि सिरियल चुकली तर?”

“मी सांगीन की.”

“तुम्ही काहीही सांगता!”

“आज माधव म्हशीवर बसून परत येतोय. ती बघ गाडी लागली. चढ, नि ‘व्हय’ सांगून ये.”