ज्याला आवडलं नाही, त्याने आधी बोलायचं

आदरणीय अध्यक्षमहाराज, म्हणजे आपले नगराध्यक्ष, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, शाळेच्या मुख्याध्यापिका, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या बाई, आणि वेळेवर येऊन मागच्या रांगा पकडणाऱ्या रसिक बंधुभगिनींनो, सगळ्यांना नमस्कार.

वक्त्यांमध्ये माझं नाव पहिलं पाहून काहींच्या भुवया वर गेल्यात. सभागृहात प्राध्यापक आहेत, वकील आहेत, आणि सुरुवात कोणी करायची, तर खुर्च्या भाड्याने देणाऱ्याने! तर सांगतो, पहिलं बोलायचा हट्ट माझाच. का, ते शेवटी सांगेन. तेवढ्यासाठी तरी जागे राहाल.

बाईंनी याच शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, नातवंडं सांभाळतात. बाईंनी हे सभागृह शनिवारपुरतं मागून घेतलं आणि सिनेमे-नाटकं दाखवायला सुरुवात केली. तीही कसली? ज्यात नायक-नायिका बागेत भेटत नाहीत, भेटलेच तर मोर्चात भेटतात. खुर्च्या माझ्याकडून जायच्या. एका शनिवारी मला त्या दुसरीकडे पोचवायच्या होत्या, म्हणून घाईघाईने आलो, तर सिनेमा संपलेला नाही. मी दारात चुळबुळ करतोय. बाईंनी एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाल्या, "बसा, तुमचीच आहे."

बसलो! काय करणार? पडद्यावर एक बंद पडलेली गिरणी आणि तिचा रखवालदार. सकाळी फाटक उघडतो, संध्याकाळी लावतो. आत कोणी जात नाही, बाहेर कोणी येत नाही. मला वाटलं, आता काहीतरी होईल. संपला सिनेमा!

दिवे लागले, मी खुर्च्या उचलायला उठलो, तर पुढच्या रांगांतले लोक आपापल्या खुर्च्या फिरवून मागच्यांसमोर तोंड करून बसायला लागले. बाई म्हणाल्या, "ज्याला आवडलं नाही, त्याने आधी बोलायचं." माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, गिरणी बंद आहे, तर हा बाबा घरी का जात नाही?"

"वा," बाई म्हणाल्या, "यावरच बोलू."

आणि जी काय जुंपली! एक नर्सबाई म्हणाल्या, त्याला येऊ नको असं कोणी सांगितलेलंच नाही, माणसाला कामावरून काढायचीसुद्धा तसदी घेतली नाही कोणी. ते ऐकलं आणि मला माझे मंदीचे दिवस आठवले. गिऱ्हाईक नाही, तरी रोज शटर वर करून बसायचो. त्या दिवशी माझ्या खुर्च्या उशिरा पोचल्या आणि मी बोलणी खाल्ली. पण पुढच्या शनिवारी मी पुन्हा हजर, आणि पुन्हा न आवडलेल्यांत पहिला.

आता आमच्या फजितीचा किस्सा. नाटक होतं एका गावाचं, जिथे राजाला कोणी काही विचारत नाही. ऐन रंगात आलं आणि मिट्ट काळोख. कोणी हललं नाही. सगळ्यांना वाटलं, दिग्दर्शकाची योजना! एक प्राध्यापक शेजाऱ्याला काळोखाचा अर्थ समजावू लागले. मीही मान हलवत होतो, काळोखात ती कोणाला दिसणार होती कोण जाणे. शेवटी रंगमंचावरून राजाचाच आवाज आला, "अहो, फ्यूज गेलाय, कोणीतरी बघा की!"

हसून हसून पुरेवाट झाली. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "नाटक कशावर होतं? आणि तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं का, दिवे का गेले?"

अध्यक्षमहाराज, तुमचं सांगू का? हसतायत, म्हणजे परवानगी आहे. वस्तीवरून रस्ता नेणाऱ्या नगराध्यक्षाचा सिनेमा होता. आपले अध्यक्ष लालबुंद होऊन दाराकडे निघाले. बाई म्हणाल्या, "आवडला नाही ना? मग पहिला नंबर तुमचा. बसा." ते बसले आणि तावातावाने बोलले. समोर कोण, तर आपल्या शिवणकामवाल्या ताई, ज्यांचं घर खरोखरच रस्त्यात गेलं होतं. गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या अंतरावरून त्यांनी अध्यक्षांना एकेक गोष्ट ऐकवली. रस्ता काही मागे सरकला नाही. पण पुढच्या शनिवारी अध्यक्ष पुन्हा आले, तर ताईंनी समोरची खुर्ची त्यांच्यासाठी धरून ठेवलेली. भांडण अर्धवट राहिलं होतं ना!

आता बाई धाकट्या बहिणीकडे राहायला चालल्यात. गेल्या शनिवारी आम्ही दोघं खुर्च्या एकात एक घालत होतो. बाईंनी विचारलं, "मी गेल्यावर हे लोक खुर्च्या फिरवतील का हो? की 'छान होता' म्हणून घरी जातील?" मी म्हणालो, "बघू." त्या म्हणाल्या, "बघू म्हणजे नाही, एवढं मला कळतं." आणि दिवा मालवायला गेल्या. मी उरलेल्या खुर्च्या उचलल्या.

बाईंना उत्तर आज देतो. मंडळी, पुढच्या रांगांतल्यांनी जरा उठा आणि खुर्च्या फिरवा. हो, आत्ता. वकीलसाहेब, तुम्हीसुद्धा. सत्कारमूर्तींकडे पाठ होतेय, याची चिंता करू नका. आपल्या पाठी बघून जिला आनंद होईल, अशी ही एकच सत्कारमूर्ती असेल.

आयोजकांचे, शाळेचे आणि तुम्हां सर्वांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला म्हणणार होतो, पण बाईंच्या सभागृहात ते चालायचं नाही. तोंडावर सांगा, खुर्ची फिरवलेलीच आहे.

आणि पहिलं का बोललो, ते राहिलंच. बाई, तुमचं हे जाणं मला अजिबात आवडलेलं नाही.

माझं झालं. आणखी कोणाला आवडलं नाही?