गुहेत पोहायचा बेत

खोटं कशाला बोलू, आमच्या रूपालीवर आणि तिच्या त्या निखिलवर मला आधीपासूनच संशय होता. परवा कोपरच्या आमच्या घरात दोघं समोरासमोर बसलेले, तोंडातून शब्द नाही, नुसते बोटांचे इशारे! मी म्हटलं, "माझ्यासमोर मुक्यानं काय ठरवताय रे? पळून जायचंय का?"

निखिल म्हणाला, "काकू, प्रॅक्टिस चाललीय. कॅरिबियनच्या एका बेटावर पाण्याखाली गुहा आहेत. आम्ही आत पोहत जाणार. तिथे बोलता येत नाही ना."

गुहेत पोहायला एवढ्या लांब? मला काही पटेना. "दाखव बघू इशारे."

त्यानं अंगठा वर केला. "म्हणजे पोहणं बंद, सगळ्यांनी मागे फिरायचं. टीममधला कुणीही करू शकतो. आणि का, असं कुणी विचारायचं नाही. नियमच आहे."

"कुणीही?"

"कुणीही, काकू."

मी लगेच अंगठा वर केला.

रूपाली उसळली, "आई, तू टीममध्ये नाहीस!"

म्हटलं, "नऊ महिने काळोखात, पाण्यात होतीस माझ्या पोटात. तेव्हा टीममध्ये कोण होतं गं?"