सेकंड शिफ्टचं पेडल

भरमाप्पा: फेटा बांधणार, शाल घालणार, नारळ देणार. आन मग?

विजयसिंह: मग तू माईकवर चार शब्द बोलायचे. चाळीस वर्षं झाली आपल्या बँडला, भरमा. पहिल्या दिवसापासून ड्रमवर तू होतास. तुझा सत्कार नको व्हायला?

भरमाप्पा: सत्कार रिटायर झालेल्या माणसाचा करत्यात. मी कवा रिटायर झालो? मला कुणी सांगितलं न्हाय.

रुद्राणी: बसा की भावजी आधी. लेथला टेकू नका, पांढरी पँट हाय तुमची. त्या स्टुलावर बसा. आमच्या मालकांना पावण्याला उभं ठिवून भांडायची सवय हाय. लग्न झाल्यापासनं बघतोय मी.

विजयसिंह: राहू द्या वहिनी. चार वर्षांनी आलो वर्कशॉपला. उद्यमनगर ओळखू येईना मला.

रुद्राणी: उद्यमनगर हाय तिथंच हाय. तुम्ही लांब गेलासा. ताक घ्या.

विजयसिंह: बरोबर आहे. म्हणून तर आज स्वतः आलो. एकवीस तारखेला रविवार आहे, संध्याकाळी सहाला मैदानावर कार्यक्रम. आत शिरलं की डाव्या हाताला प्रदर्शन. जुने फोटो, पहिली कॅसेट, तेव्हाची पोस्टरं. आकाराम गेल्यावर त्याची बास गिटार घरात पडून होती, ती त्याच्या पोरांनी दिली. आणि मधोमध काचेच्या पेटीत तुझं ते पायानं मोठा ड्रम वाजवायचं पेडल.

भरमाप्पा: असं. म्हणजे तू पेडल न्यायला आलायस. सत्कार नुसता तोंडी लावायला.

विजयसिंह: दोन्हीसाठी आलोय.

रुद्राणी: त्या पेडलात काचेत ठेवण्यासारखं काय हाय हो? शिलाई मशिनची पायपट्टी, लुनाची चेन, आन मामंजींनी ह्याच लेथवर काढलेली पिन. भंगारवाला बी वजन न करता न्हेईल.

विजयसिंह: वहिनी, त्या पेडलवर 'पाचचा भोंगा' हे गाणं उभं आहे. छत्तीस वर्षांपूर्वी पुण्याला रेकॉर्डिंग केलं. स्टुडिओवाला म्हणाला, पाय दाबला की कुईं वाजतंय, तेल सोडा. भरमा तेलाचा डबा इथंच विसरला होता. तास संपत आला, तसंच रेकॉर्ड केलं. आज त्या एका कुईंवर पाच हजार माणूस उभं राहतं. पुढचे शब्द नंतर.

रुद्राणी: म्हाईत हाय. एकदा कामगारानं चुकून त्या पिनंवर तेल सोडायला घेतलं तर हे अंगावर धावून गेलते. सगळ्या वर्कशॉपला तेल, त्या एका पिनंला न्हाय. मी लग्न करून गडहिंग्लजवरनं आलो तवा मला आधी चूल दाखवली न्हाय, ही पिन दाखवली. हिला हात लावायचा न्हाय म्हणाले.

भरमाप्पा: जुनं काढू नको.

विजयसिंह: काढू दे की. जुन्यासाठीच तर कार्यक्रम आहे. तुला आठवतंय, विश्वजितच्या मामानं बोटीवरनं ती कॅसेट आणली? आयर्लंडच्या त्या चार पोरांची?

भरमाप्पा: आठवायला इसरावं लागतंय. आमच्या अप्पांच्या ह्या वर्कशॉपची पहिली पाळी दुपारी सुटायची. दुसऱ्या पाळीला काम नसायचं. लेथ बंद, आन आपण चौघं त्या कॅसेटला कान लावून. तू गायचास, विश्वजितची गिटार, आकारामची बास, माझे ड्रम. म्हणून तर नाव पडलं सेकंड शिफ्ट. निम्मे शब्द कळायचे न्हाईत. तू तोंडाला येईल ते इंग्लिश म्हणायचास.

विजयसिंह: पण म्हणायचो जोरात.

भरमाप्पा: जोरात म्हणायचास. कॉलेजच्या गॅदरिंगला लोकांनी खाली बसवलं, तरी जोरात म्हणत हुतास.

विजयसिंह: एका शाळेतली चार पोरं ती. आपण म्हटलं, आपण एका गल्लीतली चार.

भरमाप्पा: ती अजून तीच चौघं हाईत, विज्या. पन्नास वर्षं होत आली. आपलं बघ. विश्वजित दुबईला गेला, आकाराम वर गेला, मला तू घरी बसवलास. सेकंड शिफ्टमध्ये तू एकटा राहिलास. बाकी सगळी बदली कामगार.

विजयसिंह: ते टिकले कारण ते बदलत गेले. सुरुवातीला नुसत्या तीन वाद्यांवर ओरडायचे. मग मशिनचे आवाज घेतले, टीव्हीच्या भिंती उभ्या केल्या. एका वर्षी तर स्टेजवर भलंमोठं चमकणारं लिंबू केलं आणि त्यातनं बाहेर यायला लागले. एकदा त्याचं दारच उघडलं नाही. अडकले आत.

रुद्राणी: लिंबात?

विजयसिंह: लिंबात. पण तिथनंही निघाले. पुन्हा साधी गाणी केली, पुन्हा मोठे झाले. तू मात्र अजून तिथंच, पिनंला तेल घालायचं का नाही.

भरमाप्पा: बदलायला मी कवा न्हाय म्हणालो? इंग्लिश चालंना तवा मराठी कर म्हणून पहिल्यांदा कोण म्हणालं? मी. गणपतीत लोकांना हलगी पायजे झाली, तर ड्रमच्या शेजारी हलगी बांधून नऊ वर्षं वाजवली. चेअरमनच्या पोरीच्या लग्नात पंगत बसली, तुमचा आवाज घासात येतोय म्हणाले, तर कापड टाकून वाजवलं. मान खाली घालून वाजवलं. ती पोरं बदलली, पण चौघं मिळून बदलली. लिंबात अडकली तरी चौघं अडकली.

विजयसिंह: आणि त्यांच्या ड्रमरचं ऑपरेशन झालं तेव्हा? अमेरिकेत कित्येक महिने कार्यक्रम होता. त्याच्या जागी दुसरा बसवला. बँड थांबवला नाही. तुझ्या खांद्याचं ऑपरेशन झालं, मी राजवर्धनला बसवला. फरक काय झाला सांग.

भरमाप्पा: फरक सांगतो. त्यो बँड मुळात त्या ड्रमरनं काढला. शाळेच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावून. तूच मला मासिकातनं वाचून दाखवलतंस, इथंच, ह्याच बाकड्यावर. त्याच्या जागी दुसरा बसला तरी जगाला ठाऊक हुतं जागा कुणाची. आन माझी जागा? राजवर्धनला तीन कार्यक्रमांसाठी पेडल मीच दिलं. त्याला म्हटलं, घट्ट हाय रं, टाच जरा उचलून ठेव. गारगोटीच्या कार्यक्रमानंतर पेडल परत आलं. कसं आलं सांगू?

विजयसिंह: मला माहीत आहे.

रुद्राणी: म्हाईत असंल. पण तुमच्या तोंडावर कुणी म्हणालं न्हाय अजून, म्हणून मी म्हणतो. गोणपाटात शिवून, एसटीच्या पार्सलनं आलं. स्टँडवरनं फोन आला, तुमचं काय तरी लोखंड आलंय, घेऊन जावा. ह्यांचा हात गळ्यात हुता, म्हणून मी गेलतो. घरी आणून उसवलं. आत चिठ्ठी असंल म्हणून गोणपाट उलटं करून झाडलं. नुसती गारगोटीची माती पडली.

विजयसिंह: मी येऊन सांगणार होतो.

रुद्राणी: कवा?

विजयसिंह: पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात करत राहिलं. मग इतके दिवस झाले की काय तोंड घेऊन यावं कळेना. राजवर्धनचं त्या पेडलवर जमत नव्हतं, त्यानं त्याचं आणलं. मी म्हटलं, भरमाचं भरमाकडं पोचवा. कसं पोचवलं ते मी बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं.

भरमाप्पा: झालं ते झालं. घरी बायको काय म्हणत्या? पोरं?

विजयसिंह: बरे आहेत. एक सांगू का? पन्हाळ्याला मी गाणं चुकलो.

भरमाप्पा: कुठलं?

विजयसिंह: भोंगा.

भरमाप्पा: तू? झोपेत म्हणतोस ते.

विजयसिंह: दोनदा चुकलो. राजवर्धनकडं एक इलेक्ट्रॉनिक पॅड आहे. त्यानं हात मारला की तुझं कुईं येतं. तुझंच आहे, कॅसेटवरनं काढून घेतलंय. स्वच्छ, चकचकीत. पण रोज सारखंच येतं. तू दाबायचास तेव्हा कधी जरा आधी यायचं, कधी तू अडवून धरायचास. मी माझ्या पाठीकडनं ऐकत असायचो. ते आलं की श्वास घ्यायचा, हे माझ्या अंगातच बसलंय. आता कुईं येऊन जातं आणि मी उभाच. श्वास कुठं घ्यायचा तेच कळत नाही.

भरमाप्पा: हे राजवर्धनला सांगितलंस?

विजयसिंह: तो म्हणाला, काका, कानातल्या यंत्रात ठोका वाजतो, तो मोजत जा. एक, दोन, तीन, श्वास.

रुद्राणी: अय्यो. बाळंतिणीगत.

भरमाप्पा: मग ऐक. फेटा नको, शाल नको. एकवीसला मी येतो. ते एक गाणं वाजवतो. बाकीचा कार्यक्रम त्याचा, माझं काय म्हणणं न्हाय. खांदा बरा हाय माझा. पाचला कामगार गेले की रोज वाजवतोय.

रुद्राणी: रोज. टायर ठेवून त्यावर काठ्या. शेजारचा फौंड्रीवाला विचारतोय, तुमच्यात पाचनंतर कसलं मशिन चालू असतंय.

भरमाप्पा: तू श्वास घेस्तवर मी ठोका अडवून धरतो. पयल्यासारखं. काय म्हणतोस?

विजयसिंह: मला तुझ्याकडनं तेच हवं होतं, भरमा. म्हणजे, शेवटच्या गाण्याला तू स्टेजवर. तेच डोक्यात घेऊन आलो होतो.

भरमाप्पा: मग आल्याआल्या फेट्याचं कशाला काढलंस?

विजयसिंह: त्याचं असं आहे. सगळा शो आता आधीच रेकॉर्ड केलेल्या एका ट्रॅकला बांधलेला असतो. दिवे, मागचा पडदा, धूर, फटाके, सगळं त्या ठोक्यावर. एक सेकंद इकडंतिकडं झालं की पडदा पुढं आणि आपण मागं. मुंबईची माणसं येऊन दोन महिने ते जुळवतायत. त्यात हात घालता येत नाही.

भरमाप्पा: बरं?

विजयसिंह: तर तू यायचं, ड्रमवर बसायचं. पेडलवर पाय ठेवायचा. कॅमेरा तुझ्या पायावर येईल, मागच्या पडद्यावर तीस फुटी पाय दिसेल. लोक वेडे होतील. आवाज ट्रॅकमधनं येईल. तू फक्त पाय दाबायचा आणि हात चालू ठेवायचे.

भरमाप्पा: हात चालू ठेवायचे.

विजयसिंह: कुणाला कळणार नाही.

रुद्राणी: ह्यांना कळंल की.

भरमाप्पा: म्हणजे चाळीस वर्षं वाजवलं, आता वाजवल्यागत करायचं.

विजयसिंह: एका गाण्यापुरतं. तू समजून घे. माझी तरी कुठं सुटका आहे? मी पण त्या ट्रॅकच्या मागनंच चालतो. मध्येच एखादी ओळ पुन्हा म्हणावीशी वाटली तरी म्हणता येत नाही. लोक टाळ्या वाजवत असतात आणि मला पुढं जावं लागतं. परवा सर्दी होती, तर दोन गाण्यांत माझाही आवाज मागच्याच वर्षीचा लावला. मी नुसता माईक धरून उभा होतो.

भरमाप्पा: मग तू बी रिटायर झालास, विज्या. तुला बी कुणी सांगितलं न्हाय वाटतं.

रुद्राणी: ताक संपवा भावजी. गरम हुतंय.

विजयसिंह: राहू द्या. येतो मी.

भरमाप्पा: थांब. रुद्राणी, कपाटाखालचं ते आण.

रुद्राणी: गोणपाट?

भरमाप्पा: व्हय.

रुद्राणी: देताय?

भरमाप्पा: पावणा रिकाम्या हातानं जाऊ नये.

रुद्राणी: धरा. वजन हाय, पायावर पाडून घेऊ नका. गोणपाट तेच हाय, तुमचंच.

विजयसिंह: भरमा, एकदा ऐकू? जाता जाता.

(विजयसिंहनं खाली बसून पेडल फरशीवर ठेवलं आणि पायपट्टी हातानं दाबली. सोडली. पुन्हा दाबली, या वेळी हळू, मग तळहात टेकवून जोरात. भरमाप्पा पेडलकडं बघत नव्हता. विजयसिंहच्या छातीकडं बघत होता, श्वास कधी घेतो ते.)

विजयसिंह: आवाज येत नाही.

भरमाप्पा: तेल घातलंय.

विजयसिंह: तू? कधी?

रुद्राणी: पार्सल आलं त्याच संध्याकाळी. एका हातानं. मी म्हटलं, द्या, मी सोडतो थेंब, तर डबा दिला न्हाय.

विजयसिंह: पुसून काढलं तर? रॉकेलनं धुऊन, उन्हात ठेवून?

भरमाप्पा: चार वर्षं झाली. पार आत मुरलंय.

विजयसिंह: मग हे नेऊन मी काय करू, भरमा?

भरमाप्पा: ने की. काचेत ठेवायला आवाज कशाला लागतोय.