पांढऱ्या भिती

डीडीटी फवारणं म्हणजे आरामाची नोकरी, असं मले कोणी सांगू नका. ती पावडर पाण्यात विरघळत नाई. हात जरासा थांबला का बुडाशी जाऊन बसते. आरमोरीजवळच्या एका गावात मी दिवसभर बादली ढवळून ढवळून घरोघरी भिती फवारल्या. साहेब तपासाले येणार त्या दिवशी आधी जाऊन पाह्यतो, तं बायांनी पांढऱ्या मातीनं त्याच भिती पोतारून टाकलेल्या!

"बाई, हे काऊन केलं? माझी दवा कुठी गेली?"

"आतच हाय ना, भाऊ. डाग डाग दिसत होते. उद्या गावात मंडईची जत्रा, पाव्हणे येऊन राह्यले."

"अवं, मच्छर भितीवर बसते, भितीच्या आत नाई!"

तेवढ्यात साहेबाची जीप आली. आता नोकरी गेली, असंच मी समजलो. साहेबानं भितीवर बोट फिरवलं, पांढरं झालेलं बोट पाह्यलं अन् खूष झाला.

"शाबास! असा एकसारखा फवारा अख्ख्या तालुक्यात नाई!"

बोलता बोलताच त्यानं आपल्या गालावर फटकन मच्छर मारला.

बाई मागून म्हणते, "मंडईले आलेला पाव्हणा असन, साहेब. आमच्या गावचा नाई."